कीटकनाशकांचा कायदा, निरीक्षक आणि आपण व्यापारी

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने विषासंबंधी लेख लिहावा, हे पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. कीटकनाशके विकणे हा माझा व्यवसाय नव्हे आणि रसायनशास्त्राचे माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुस्तकापलीकडे गेलेले नाही. तरीही ज्या कायद्याने आपल्या देशात कीटकनाशकांची निर्मिती, साठवण, वाहतूक व विक्री यांस शिस्त लावली, तो कायदा धान्याच्याच पोत्यातून जन्मास आला, ही गोष्ट आपल्या व्यवसायातील फारच थोड्यांस ठाऊक असते. ती एकदा कळली, म्हणजे परवान्याचा कागद, निरीक्षकाची भेट आणि अलीकडे सक्तीचे झालेले प्रशिक्षण यांकडे पाहण्याची आपली दृष्टी निराळी होईल, असे मला वाटते.

इ. स. १९५८ च्या एप्रिल व मे महिन्यांतील ही हकीकत आहे. केरळात व त्या वेळच्या मद्रास राज्यात नेहमीप्रमाणे जेवलेली माणसे एकाएकी आजारी पडू लागली. उलट्या, तोंडास फेस, झटके आणि श्वास कोंडणे अशी लक्षणे दिसत. प्रथम ही कसली साथ आहे हेच कोणास उमगेना. शंभराहून अधिक माणसे दगावली. शोधाअंती असे निष्पन्न झाले की, ज्या गव्हाच्या पिठाच्या पोळ्या त्यांनी खाल्ल्या होत्या, ते पीठ ज्या जहाजातून आले, त्याच जहाजात ‘फॉलिडॉल’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पॅराथिऑन नामक जहाल कीटकनाशकाचाही भरणा होता. ते विष गळले आणि पोत्यांत मुरले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा चौकशी आयोग सरकारने नेमला. पुढे बराच विचारविनिमय होऊन १९६८ साली संसदेने कीटकनाशक अधिनियम संमत केला आणि १९७१ च्या ऑगस्टपासून तो पूर्णपणे अमलात आला.

या दुर्घटनेत पिठात कोणी जाणूनबुजून विष कालविले नव्हते. विकणाऱ्या किराणा दुकानदाराला पोत्यात काय मुरले आहे हे दिसण्यासारखे नव्हते. माल चढविणारे, उतरविणारे व वाहून नेणारे यांपैकी कोणालाही, दोन प्रकारचे माल एकत्र ठेवले तर काय होते, हे कोणी शिकविलेलेच नव्हते. म्हणून १९७१ च्या नियमावलीत जे नियम आले, ते वाचताना आपण आपलेच गोदाम वाचीत आहोत असा भास होतो. विषारी माल अन्नधान्याच्या अगर जनावरांच्या खाद्याच्या प्रत्यक्ष सान्निध्यात येईल अशा रीतीने नेऊ अगर साठवू नये. वाहतुकीत अगर साठवणीत पेटी फुटून धान्यात विष मिसळल्याचे आढळल्यास, सक्षम अधिकाऱ्याने तपासणी केल्यावाचून ते धान्य मालकाच्या ताब्यात देऊ नये. गळती झाल्यास विषबाधा व माती-पाण्याचे प्रदूषण टाळण्याची जबाबदारी वाहतूकदाराची अगर गोदामाच्या मालकाची. आणि कीटकनाशके स्वतंत्र खोलीत, अथवा माल थोडा असल्यास स्वतंत्र कपाटात, कुलूप लावून ठेवावीत, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

आता आपल्या इंद्रवेल्लीसारख्या गावची स्थिती पाहा. गुडिहत्नूरवरून उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आपली ही बाजारपेठ. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी यांवर ती उभी आहे. अशा पेठांत वडिलांची आडत अगर भुसार मालाची वखार आणि त्याच ओळीत मुलाचे खते-बियाणे व कीटकनाशकांचे दुकान, हे दृश्य घरोघरचे आहे. दोहोंच्या मध्ये पुष्कळदा एकच भिंत असते. हंगामाच्या घाईत तीही राहत नाही. हमाल तोच, हातगाडी तीच, तराजूही काही ठिकाणी तोच. सकाळी ज्या गाडीतून बाटल्यांची खोकी आली, तिच्यातूनच दुपारी तुरीची पोती जातात. १९५८ साली जहाजाच्या पोटात जे घडले, ते घडावयास जहाजच पाहिजे असे नाही.

दुसरी अडचण भाषेची आहे व ती आपल्या भागात विशेष आहे. शेतकरी कीटकनाशकास ‘औषध’ म्हणतो. तेलुगूत त्यास ‘मंदु’ म्हणतात व त्या शब्दाचाही अर्थ औषध असाच होतो. आपणही दुकानात बसून तोच शब्द वापरतो, कारण विष म्हटले की गिऱ्हाईक दचकते. कंपनीने बाटलीबरोबर द्यावयाचे माहितीपत्रक इंग्रजी, हिंदी व प्रादेशिक भाषांत छापलेले असते. परंतु अक्षर इतके बारीक की माझ्यासारख्या चष्मेवाल्यास ते उन्हात नेऊनही लागत नाही. आणि आपले गिऱ्हाईक तर कोणी घरी गोंडी बोलणारा, कोणी लंबाडी, कोणी मराठी. ज्याला वाचता येते, त्याची भाषा तेथे असेलच असे नाही. ज्याची भाषा तेथे आहे, त्याला वाचता येईलच असेही नाही.

हीच अडचण ओळखून नियमावलीने प्रत्येक वेष्टनावर रंगाची खूण घालावयास लावली आहे. कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. खालच्या त्रिकोणाचा रंग लाल असेल तर माल अत्यंत विषारी, पिवळा असेल तर त्याखालोखाल जहाल, निळा असेल तर मध्यम आणि हिरवा असेल तर त्या मानाने सौम्य. लाल रंगाच्या वर कवटी व हाडांचे चिन्ह असते. ही योजना उत्तम आहे. परंतु तिचा अर्थ कोणी तरी तोंडाने सांगावा लागतो. हिरव्या रंगाने शेतकऱ्याच्या मनात पिकाचाच विचार यावयाचा. हिरवा म्हणजे निर्विष नव्हे, हे सांगण्यास दुकानात बसलेल्या माणसावाचून दुसरे कोणीही त्याच्यासमोर नसते.

चिन्ह असूनही अर्थ न कळल्यास काय होते, याचे फार मोठे उदाहरण इराकमध्ये १९७१ व १९७२ या दोन वर्षांत जगाने पाहिले. दुष्काळानंतर पेरणीसाठी परदेशांतून गव्हाचे बियाणे मागविण्यात आले होते. बुरशी लागू नये म्हणून त्यास पाऱ्याचे एक जहाल संयुग चोळलेले होते आणि ओळख पटावी म्हणून ते रंगविलेलेही होते. पोत्यांवर इशारा होता. पण तो स्पॅनिश व इंग्रजी भाषांत. कवटीचे चिन्ह खेड्यातील माणसास काही सांगेना. रंग धुतला म्हणजे विषही गेले, अशी समजूत होऊन लोकांनी त्या गव्हाच्या भाकरी केल्या. साडेसहा हजार रोगी रुग्णालयांत आले व त्यांपैकी साडेचारशेहून अधिक मरण पावले. आपल्याकडे कापसाचे बियाणेही औषध चोळून व रंगवूनच येते, हे लक्षात घ्यावे.

आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा आहे. आपले सोयरेसंबंध व व्यापार दोन्ही तेथे आहेत. २०१७ च्या पावसाळ्यात व शरद ऋतूत त्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने रुग्णालयांत दाखल झाले आणि विसाहून अधिक दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती, बोंडअळीचा उपद्रव भारी होता. नवे जोरदार पंप आले होते. तुषार वरून अंगावर, डोळ्यांत व श्वासात जात होते. दोन-तीन रसायने एकत्र करून मारण्याची प्रथा होती. अंगात सदरा असला तरी तो भिजलेला, हातमोजे नाहीत, तोंडावर उपरण्याचा पदर. महाराष्ट्र सरकारने विशेष तपास पथक नेमले. पुढच्या वर्षी यवतमाळसह पश्चिम विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदीही घातली. त्या पाचांत मोनोक्रोटोफॉस होते. बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत २०१३ च्या जुलैत माध्यान्ह भोजनाने २३ मुलांचा बळी घेतला, त्या अन्नात सापडलेले विषही हेच. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर अखेर केंद्र सरकारच्या २०२३ च्या आदेशाने बंदी आली.

यवतमाळच्या प्रकरणी शेतकऱ्याचा निष्काळजीपणा, पंपाचा दोष, कृषी खात्याची ढिलाई असे अनेक धागे निघाले. मला त्यात एक धागा आपला दिसतो. ज्याने ती बाटली विकत घेतली, त्याने विकणाऱ्यास ‘कोणते देऊ?’ हे विचारावयास लावले नव्हते. त्यानेच विचारले होते, ‘कोणते घेऊ?’ आपल्या भागात पिकाचा डॉक्टर म्हणजे दुकानदार. त्याने डोळे मिटून कंपनीच्या प्रतिनिधीचे शब्द पुढे केले, तर तो नुसता व्यापारी राहत नाही. म्हणूनच या विषयाचे मर्म परवान्यात नसून शिक्षणात आहे. ते शिक्षण निरीक्षकाचे, विक्रेत्याचे व मालाला हात लावणाऱ्या प्रत्येक नोकराचे, अशा तिन्ही पायऱ्यांवर पाहिजे.

निरीक्षकाविषयी प्रथम लिहितो, कारण व्यापाऱ्यांच्या तक्रारी बहुधा त्याच्याविषयी असतात. कायद्याप्रमाणे राज्य सरकार कीटकनाशक निरीक्षक नेमते. तो कृषी विषयाचा अगर रसायनशास्त्रासह विज्ञानाचा पदवीधर असावा, असे नियम सांगतो. आपल्याकडे मंडल कृषी अधिकाऱ्याकडे हे काम असते व त्याच्याकडेच बियाण्याची, खताची तपासणीही असते. दुकानात प्रवेश करणे, वह्या पाहणे, संशयित मालाची विक्री काही काळ थांबविणे, नमुना घेणे व फिर्याद करणे हे अधिकार त्यास आहेत. परंतु अधिकार असणे निराळे आणि तो बजावता येणे निराळे. नमुना घेण्याची रीतच पाहा. निरीक्षकाने लेखी सूचना दिली पाहिजे, मालाची वाजवी किंमत देऊ केली पाहिजे, नमुन्याचे तीन भाग करून मालकाच्या समक्ष मोहोरबंद केले पाहिजेत. एक भाग मालकाकडे, एक पृथक्करणासाठी आणि एक न्यायालयासाठी. पृथक्करणाचा अहवाल आल्यावर तो विक्रेत्यास मान्य नसेल, तर अहवालाची प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांच्या आत त्याने तसे लेखी कळवावयाचे. मग न्यायालयाकडील भाग मध्यवर्ती प्रयोगशाळेत जाऊ शकतो. ती दिल्लीजवळ फरीदाबाद येथे आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या परिचयाच्या एका विक्रेत्याकडे निरीक्षक आले. त्यांनी एक बाटली उचलली, कागदात गुंडाळली, वहीवर सही घेतली व निघून गेले. ना तीन भाग, ना मोहोर. पुढे तो माल निकृष्ट निघाला. खटला उभा राहिला असता तर तांत्रिक दोषाने कोसळला असता, आणि मालात खरोखर खोट असती तर उत्पादक मोकळा सुटला असता. पण ते प्रकरण तेथवर गेलेच नाही, ते कागदांतच विरले. त्या विक्रेत्यास तेव्हा सुटका झाल्याचे समाधान वाटले. मला मात्र वाटले की, त्याच्याकडून तीच बाटली नेलेल्या शेतकऱ्यांचे काय? आणि तो माल त्याच्या गळ्यात मारणाऱ्या घाऊक पुरवठादाराचे काय? निरीक्षकास आपले काम येत नसेल, तर त्याचा लाभ खोट्या मालाच्या व्यापाऱ्यास होतो. प्रामाणिक विक्रेत्यास, मोहोरबंद केलेला आपल्या हातातील तिसरा भाग, हीच ढाल आहे. तेव्हा निरीक्षक शिकलेला असावा हे मागणे व्यापाऱ्याच्या हिताचे आहे; ‘साहेब नवे आहेत, काही समजत नाही, बरे आहे’ असे म्हणणारे बंधू आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात.

या शिक्षणाची सोय आपल्यापासून दूर नाही. हैदराबादेत राजेंद्रनगर येथे केंद्र सरकारची राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था आहे. तिचे मूळ १९६६ साली स्थापन झालेल्या वनस्पती संरक्षण प्रशिक्षण संस्थेत आहे. तेथे निरीक्षकांना कायदा, नमुना व गुणवत्ता नियंत्रण यांचे शिक्षण मिळते. धुरी देणाऱ्या कारागिरांचेही वर्ग चालतात. अडचण एवढीच की, ज्या अधिकाऱ्याच्या अंगावर एका मंडलातील सर्व पिके, योजना व पंचनामे आहेत, त्यास तेथे जाण्यास सवड मिळणे कठीण. आणि शिकून आला की पुष्कळदा त्याची बदली होते.

आता विक्रेत्याच्या शिक्षणाकडे वळू. पूर्वी भांडवल व जागा असली की परवाना मिळे. २०१५ च्या दुरुस्तीने विक्रेता अगर त्याचा नोकर कृषी, जीवरसायन, जैवतंत्रज्ञान अगर रसायन-वनस्पती-प्राणिशास्त्रापैकी एखाद्या विषयासह विज्ञानाचा पदवीधर असावा, अशी अट आली. साहजिकच बाजारात गडबड उडाली. तीस-तीस वर्षे दुकान चालविणाऱ्यांनी आता काय महाविद्यालयात जाऊन बसावे? मुदती वाढल्या आणि जुन्या विक्रेत्यांसाठी १२ आठवड्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचा मार्ग काढण्यात आला. याखेरीज राजेंद्रनगरच्याच ‘मॅनेज’ या राष्ट्रीय कृषी विस्तार संस्थेने २००३ पासून विक्रेत्यांसाठी एक वर्षाची पदविका सुरू केली आहे. आठवड्यातून एक दिवस वर्ग, एकूण ४८ आठवडे, त्यांत काही दिवस प्रत्यक्ष शेतावर. सुटीच्या दिवशी वर्ग असल्याने दुकान बंद ठेवावे लागत नाही. हा अभ्यासक्रम पुरा केलेले काही तरुण माझ्या पाहण्यात आहेत. त्यांच्या बोलण्यात पूर्वी नसलेला एक शब्द आला आहे. तो म्हणजे ‘गरज नाही’. गिऱ्हाईकाने मागितलेली बाटली ‘गरज नाही’ म्हणून परत फळीवर ठेवणारा विक्रेता पूर्वीच्या पिढीत मी क्वचितच पाहिला.

पदवीची अट म्हणजे केवळ भाड्याच्या प्रमाणपत्राचा बाजार, असा आक्षेप घेतला जातो व त्यात तथ्य आहे. भिंतीवर पदवी एकाची आणि गल्ल्यावर बसणारा दुसरा, अशी दुकाने आपण सर्वांनी पाहिली आहेत. पदवीपेक्षा गल्ल्यावर बसणाऱ्याचे शिक्षण महत्त्वाचे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र हा आक्षेप घेणाऱ्यांनीच आपल्या मुलाला त्या वर्गाला पाठविले पाहिजे.

तिसऱ्या पायरीकडे आपले सर्वांत अधिक दुर्लक्ष आहे. नियमावलीचा ४२ वा नियम फार छोटा आहे. त्यात म्हटले आहे की, कीटकनाशकांचे उत्पादक, वितरक व कीड-नियंत्रणाचे काम करणारे यांनी आपल्या कामगारांना सुरक्षिततेची खबरदारी घेण्याचे व दिलेली साधने हाताळण्याचे योग्य शिक्षण द्यावे. शेजारच्या नियमांत वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, प्रथमोपचाराची साधने व उतारे यांची तरतूद आहे. म्हणजे हे शिक्षण देण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, सरकारवर नव्हे. आपल्यापैकी किती दुकानांत हमालास कोणी सांगितले आहे की, गळकी बाटली पोटाशी धरून उचलू नये? अंगावर सांडल्यास कपडे उतरवून साबणपाण्याने धुवावे, कारण ही विषे कातडीतूनही शिरतात? तंबाखू मळण्यापूर्वी हात धुवावेत? रिकामा डबा घरी पाण्यासाठी नेऊ नये? यास ना खर्च लागतो, ना पदवी.

येथवर विकणाऱ्यांचे झाले. आम्ही धान्यवाले निराळे आहोत, अशी जर कोणाची समजूत असेल, तर ती दूर झाली पाहिजे. कारण गोदामातील विष शेतातील विषापेक्षा अधिक भयंकर आहे.

माझ्या तरुणपणी वखारीत थप्पीभोवती बीएचसीची पांढरी भुकटी टाकण्याची सर्रास पद्धत होती. तिचा कुबट वास बारदानास महिनोन्महिने येई. १९९७ साली बीएचसीवर बंदी आली. घरगुती कणगीत फोडावयाच्या ईडीबीच्या काचेच्या कुप्याही बंद झाल्या. उरली ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी. तीन ग्रॅम वजनाची ही गोळी हवेतील ओलाव्याने फुटू लागते आणि तीतून एक ग्रॅम फॉस्फीन वायू सुटतो. तोच सोंडे, टोके, भुंगे व त्यांची अंडी मारतो, आणि माणसालाही. हा वायू हवेपेक्षा किंचित जड असतो, भिंतीच्या भेगांतून व दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो. त्यास लसणासारखा अगर कार्बाइडसारखा वास येतो खरा. परंतु तो वास वायूबरोबरच्या इतर द्रव्यांचा असल्याने, वास येत नाही म्हणून वायू नाही, असे समजणे घातक आहे. तोंडास फडके बांधून हा वायू अडत नाही. त्यासाठी विशिष्ट डबीचा मुखवटा लागतो. या विषावर उतारा नाही. फवारणीच्या कित्येक विषांवर डॉक्टर ॲट्रोपिनचे इंजेक्शन देतात, तसे येथे काही देता येत नाही. रुग्णाचा श्वास व रक्तदाब सांभाळावा, इतकेच हाती राहते. गोळी ओली झाल्यास अगर पाण्यात टाकल्यास वायू एकदम सुटून पेटही घेतो. तांब्याच्या तारा त्याने काळ्या पडून खराब होतात. गोदामात वीज वारंवार जाऊ लागली तर गवंड्याआधी हे कारण पाहावे.

म्हणूनच २००१ च्या जुलैत केंद्र सरकारने असा आदेश काढला की, या गोळ्यांचे काम सरकारी संस्था अगर अधिकृत कीड-नियंत्रक यांनीच, मान्यताप्राप्त तज्ज्ञाच्या कडक देखरेखीखाली करावे. आणि १० व २० गोळ्यांच्या नळ्यांचे उत्पादन व विक्री पूर्णपणे बंद केली. यास वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही ‘चार गोळ्या द्या’ म्हणून मागणारे आणि पुडीत बांधून देणारे आपल्या बाजारांत आहेत, हे मी लपवीत नाही. पुडीतील गोळी ज्या घरात जाते, तेथे पोती माजघरात असतात आणि मुले त्याच पोत्यांना टेकून निजतात.

शास्त्रोक्त रीत निराळी आहे. धान्य महामंडळाच्या गोदामांत थप्पीवर हवाबंद आच्छादन घालतात, कडा वाळूच्या सापांनी दाबतात, टनामागे मोजून गोळ्या ठेवतात, ठरलेले दिवस कुलूप व धोक्याची पाटी लावतात, मग दारे उघडून वायू निघून गेल्याची खात्री झाल्यावरच हमाल आत जातो आणि उरलेली राखही उचलून पुरतात. हे काम शिकण्यासाठी उत्तर प्रदेशातील हापूर येथे भारतीय धान्य साठवण व्यवस्थापन व संशोधन संस्था आहे. ती १९५८ साली सुरू झाली. केरळच्या दुर्घटनेचे वर्षही तेच, हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो. तिचे एक केंद्र हैदराबादेत आहे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात येथे एक शंका उभी राहील, ती टाळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य गणलेले आहे. मग हा व्यापार करावाच का? ज्यांनी या कारणास्तव हे दुकान घातले नाही, त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु जे या धंद्यात आहेत, त्यांनी अज्ञानाने विकणे हा काही मधला मार्ग ठरत नाही. धान्याच्या बाबतीत तर विषाची वेळ न येऊ देणे आपल्याच हाती आहे. माल ओला भरू नये, बारदान उन्हात झटकून घ्यावे, जुनी थप्पी उचलल्यावर फटी बुजवून चुना द्यावा, पोती लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून हातभर दूर रचावीत. ज्या वखारीत हे होते, तेथे कीड-नियंत्रकाला वर्षातून फार तर एकदा बोलवावे लागते.

वाहतुकीच्या धंद्यातील बंधूंसाठी थोडेसे. भोपाळ येथे १९८४ च्या २ व ३ डिसेंबरमधील रात्री जो वायू सुटला, तोही कीटकनाशकाच्याच कारखान्यातला होता. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम आला आणि त्याखाली १९८९ साली घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांचे नियम झाले. मोठ्या साठ्याच्या मालकाने कामगारांना माहिती, शिक्षण व उतारे पुरवावेत, आपत्तीचा आराखडा करावा आणि सहा महिन्यांतून एकदा त्याची प्रत्यक्ष तालीम घ्यावी, असे त्यांत आहे. त्याच वर्षीच्या मोटार वाहन नियमांनी धोकादायक माल नेणाऱ्या चालकासाठी तीन दिवसांचे शिक्षण ठरवून दिले. हुंडेकऱ्यांनी निदान हे पाहावे की, बिलटीवर ‘कृषी माल’ असे मोघम लिहून बाटल्यांची खोकी धान्याच्या गाडीत जात नाहीत. तसे लिहिल्याने भाडे वाचत असेल. परंतु गळती झाल्यावर पोती उतरवून घेणाऱ्यास आपण काय उतरवीत आहोत, हे कळण्याचा मार्ग बंद होतो.

आदिलाबाद जिल्ह्यातील आपल्या सभासदांपुरते मी एक सुचवितो. राजेंद्रनगरच्या संस्थांतील शिक्षकांना संघाने आपल्याकडेच बोलवावे आणि आदिलाबाद, उटनूर व इंद्रवेल्ली येथे एक-एक दिवसाचा वर्ग घ्यावा. एक वर्ग विक्रेत्यांचा व एक हमाल-मापाड्यांचा. दोन्ही मराठी व तेलुगूत, आणि हमालांच्या वर्गास गोंडी बोलणारा एक दुभाषी. मंडल कृषी अधिकाऱ्यांनाही आमंत्रण द्यावे व नमुना घेण्याची रीत त्यांनी सर्वांसमोर करून दाखवावी, म्हणजे दोन्ही बाजूंस ती एकदमच ठाऊक होईल. वर्ग बाजाराचा दिवस सोडून ठेवावा. काळ म्हणाल तर कापसाचा हंगाम आटोपल्यावर व मृगाच्या आधी, मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात; कारण त्यानंतर कंपन्यांचा माल दुकानांत भरू लागतो आणि मग कोणासच बसावयास सवड नसते. हमालांची त्या दिवसाची मजुरी मात्र मालकांनी द्यावी.